माळवदाचे घर



राणीसावरगाव म्हटले की रेणुकादेवीचे देऊळ प्रथम स्मरते. तथापि बालाघाटाच्या या मुलखात देवळाइतक्याच आस्थेने पाहावी अशी दुसरीही एक वास्तू आहे, आणि ती म्हणजे आपले माळवदाचे घर. दोन-अडीच हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, आत सागवानी खांबांवर तोललेल्या तुळया, तुळयांवर नाटा, त्यांवर फळ्या आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर, भिंतीत दिव्यासाठी देवळी आणि वर्षाचे धान्य पोटात घेणारे बळद, अशा या घरात ज्या कुणब्याच्या पिढ्यांनी निजामी अमलात सारा भरला, दुष्काळ सोसले आणि १९४८ च्या सप्टेंबरात मुक्ती पाहिली, त्यांचा इतिहास सरकारी दप्तरात थोडा आणि या भिंतींत फार आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात असलीच घरे निजलेल्या हजारो जिवांवर कोसळली, आणि माळवद म्हणजे मृत्यू असा ग्रह मराठवाडाभर पसरला. त्या भयाचा मी अनादर करीत नाही. परंतु तो निवाडा अपुरा आहे. गळती थांबावी म्हणून दरसाल मृगाआधी मातीवर माती चढत गेली. दीड फुटाचा थर म्हणजे चौरस फुटाला दीड मणाहून अधिक भार! शिवाय भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या दगडांना सांधणारा आरपार दगड बहुधा नसेच. त्यामुळे भिंती फुटल्या, पण कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडा उभाच राहिला.

तेव्हा जीर्णोद्धार करावयाचा तो हे जाणून. साचलेली माती उतरवून थर वीतभरच राखावा, त्यावर पाणी न झिरपणारे आवरण घालावे, भिंतीत आरपार दगड बसवावेत, खांब व तुळई तिरप्या लाकडांनी जखडावीत आणि भिंतींना वरून काँक्रीटचा सलग पट्टा बांधावा.

जुने घर जपल्याचे उदाहरणही आपल्यापुढे आहे. मालगुंडला कोकण मराठी साहित्य परिषदेने कवी केशवसुतांचे जन्मघर जतन केले, आणि १९९४ मध्ये त्या स्मारकाचे उद्घाटन कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले, हे सर्वथा उचित होते. परंतु ज्या घरात कवी जन्मला नाही, केवळ कुळंबी राबले, त्याच्यासाठी कोणती परिषद येणार? ते कर्तव्य घरधन्याचेच. म्हणून जुने घर पाडण्याचा ठेका देण्यापूर्वी ते एकदा जाणत्या सुताराला आणि अभियंत्याला दाखवा, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.