बांबूच्या इस्पितळातले केसपेपर



डॉक्टर-लेखकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. अध्यक्षाने वर्षभरातल्या साहित्याचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. आज मी ती बाजूला ठेवते आणि एकाच विषयावर बोलते. दुसऱ्या महायुद्धात थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांनी आपल्या छावणीतल्या इस्पितळांची चित्रे काढली, छायाचित्रे घेतली. रुग्णाची नोंद ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे, असे आपण विद्यार्थ्यांना वॉर्डात रोज सांगतो. या माणसांनी ते जिवावर उदार होऊन पाळले.

15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर पडले आणि हजारो सैनिक जपानच्या कैदेत गेले. त्यानंतर 415 किलोमीटरचा रेल्वेमार्ग जंगल आणि डोंगर फोडून ऑक्टोबर 1943 पर्यंत पुरा करून घेण्यात आला. त्यावर 60 हजारांहून अधिक युद्धकैदी राबले आणि त्यांतले 12 हजारांहून अधिक मेले. उपासमार, मलेरिया, आमांश, बेरीबेरी आणि कॉलरा यांनी बळी घेतले. युद्धकैद्यांविषयीच्या 1929 च्या जिनिव्हा करारावर जपानने सही केली होती, पण त्याला मंजुरी दिली नव्हती. आजारी माणसालाही कामावर हाकलले जाई.

अशा ठिकाणचे इस्पितळ म्हणजे बांबूचा सांगाडा, झावळ्यांचे छप्पर आणि दोन्ही बाजूंना बांबूच्या लांबलचक फळ्या, त्यांवर खांद्याला खांदा लावून पडलेले रुग्ण. या रेल्वेवरच्या चुंगकाईच्या अशाच इस्पितळ-छावणीत जॅक चॉकर हा तरुण इंग्रज तोफखान्यातला सैनिक होता. युद्धापूर्वी त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. मिळेल त्या कागदावर तो जखमा रंगवत होता. बांबूचा ओरखडा उठायचा आणि कुपोषित शरीरावर त्याचा व्रण होऊन काही दिवसांत मांस सडत हाडापर्यंत जायचे. चॉकरच्या जलरंगांत नडगीचे हाड उघडे पडलेले दिसते. निरोगी कातडी कुठे संपते आणि सडलेला भाग कुठे सुरू होतो, ती सीमा दिसते. त्या काळच्या कृष्णधवल छायाचित्राला हे रंग टिपता आले नसते. त्यावरचा इलाजही त्याने रेखाटला आहे. चमच्याची कड घासून धारदार करायची आणि मेलेले मांस खरवडून काढायचे, बहुतेकदा भूल न देता. रुग्णाला धरून ठेवायला माणसे लागत.

खरवडून भागले नाही, तर पाय कापावा लागे. चुंगकाईला जेकब मार्कोविट्झ या कॅनेडियन शल्यविशारदाने शंभराहून अधिक पाय कापले. रक्त द्यायचे तर गोठू न देणारे औषध नव्हते. म्हणून दात्याचे रक्त भांड्यात घेऊन सतत ढवळत राहायचे. गोठणारे तंतू ढवळणीला चिकटत. उरलेले रक्त कापडातून गाळून रुग्णाला चढवायचे. कॉलऱ्याच्या रुग्णांसाठी पाणी उकळून, ऊर्ध्वपातन करून सलाईन बनवले जाई आणि बांबूच्या टोकदार नळ्या सुईचे काम करत. डॉक्टरांचे हे शोध चित्रांतून आपल्यापर्यंत पोहोचले. कृत्रिम पाय, ठिबक देण्याची सोय, व्यायामाची साधने, सगळे कसे जोडले होते ते चित्रात स्पष्ट दिसते. ऑस्ट्रेलियन शल्यविशारद एडवर्ड डनलॉप यांनी चॉकर आणि फिलिप मेनिन्स्की यांसारख्या चित्रकारांना या कामात प्रोत्साहन दिले. डॉक्टरला चित्रकाराची गरज का वाटावी, याचे मला सर्वांत समाधानकारक उत्तर या जोडीत मिळते.

याची किंमत काय होती, तेही ऐका. रेल्वेवरच्याच कोन्यूच्या छावणीत पहारेकऱ्याला चॉकरची चित्रे सापडली. ती फाडण्यात आली आणि त्याला बेदम मारण्यात आले. त्यानंतरही तो चित्रे काढत राहिला. ती त्याने बांबूच्या पोकळीत आणि एका कृत्रिम पायातही लपवली. रोनाल्ड सर्ल या आणखी एका कैदी चित्रकाराने आपली चित्रे कॉलऱ्याने मरणाऱ्या सोबत्यांच्या अंथरुणांखाली ठेवली, कारण पहारेकरी तिथे फिरकत नसत. रुग्णांनी आपली कहाणी स्वतःच्या अंगाखाली जपली.

छायाचित्रे काढणारेही होते. जॉर्ज ॲस्पिनॉल या ऑस्ट्रेलियन सैनिकाने कोडॅकचा घडीचा कॅमेरा लपवून ठेवला आणि क्ष-किरणांच्या फिल्मचे तुकडे कापून त्यात वापरले. 1943 मध्ये ‘एफ फोर्स’ तुकडीबरोबर तो रेल्वेवर गेला. तिथे गेलेल्या सुमारे 7 हजारांतले 3 हजारांहून अधिक परतले नाहीत. शिमो सोंकुराई छावणीतल्या त्याच्या एका छायाचित्रात तीन माणसे उभी आहेत. कामाला ‘तंदुरुस्त’ ठरवलेल्या या माणसांच्या बरगड्या मोजता येतात. तंदुरुस्तीचा तो शिक्का खोटा होता, याला एवढा एक पुरावा पुरेसा आहे.

चित्र आणि छायाचित्र, दोन्ही पुरावेच. पण त्यांची साक्ष वेगळी. छायाचित्र एका क्षणाची खात्री देते. चित्र डोळ्याने तासन्‌तास पाहिलेले एकत्र आणते आणि त्यात चित्रकाराची निवड असते. मरे ग्रिफिन हे ऑस्ट्रेलियाचे अधिकृत युद्धचित्रकार. ते सिंगापूरला चांगीच्या कैदेतच राहिले. तिथल्या इस्पितळाची त्यांची चित्रे प्रत्यक्ष पाहून काढलेली आहेत, तर रेल्वेवरची चित्रे परतलेल्यांच्या तोंडून ऐकून काढलेली आहेत. दोन्ही मोलाची आहेत. पण कोणती पाहिलेली आणि कोणती ऐकलेली, हे सांगणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. केसपेपरवरही आपण रुग्णाने सांगितलेले आणि आपल्याला तपासणीत आढळलेले वेगवेगळे लिहितोच ना?

आता मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट सांगते. या रेल्वेवर युद्धकैद्यांपेक्षा कितीतरी अधिक आशियाई मजूर होते. त्यांत मलायातल्या रबराच्या मळ्यांमधून नेलेले तमिळ होते, ब्रह्मी होते, जावाचे होते. त्यांच्यातल्या मृतांची संख्या युद्धकैद्यांच्या कितीतरी पट आहे आणि ती आजही अंदाजानेच सांगावी लागते. 1943 मध्ये युद्धकैद्यांमधल्याच डॉक्टर-परिचारकांच्या ‘के फोर्स’ आणि ‘एल फोर्स’ या तुकड्या त्यांच्याकडे पाठवल्या गेल्या, पण त्या अपुऱ्या होत्या. मजुरांच्या वस्तीत स्वतःचे शल्यविशारद नव्हते, नोंदी ठेवणारे अधिकारी नव्हते आणि कागद लपवून ठेवणारा चित्रकारही बहुधा नव्हता. ज्यांची नोंद झाली, त्यांच्यासाठी स्मारके झाली. ज्यांची झाली नाही, ते आकड्याच्या अंदाजात विरून गेले.

हे दूरचे वाटत असेल, तर आपल्या घरी या. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे एप्रिल 1916 मध्ये सहाव्या पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली. त्या डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. शिपायांना तुर्की कैदेत वाळवंटातून चालवत नेले गेले आणि त्यांतले असंख्य वाटेतच, छावण्यांत आणि इस्पितळांत मेले. कोकणात आणि घाटावर त्यांची घरे आजही आहेत. पेटीच्या तळाशी एखादे पत्र, पदक किंवा तसबीर असेल.

म्हणून अध्यक्ष या नात्याने मी तीन गोष्टी मागते. आपल्या गावातल्या सैनिकांच्या घरांतली पत्रे, तसबिरी आणि आठवणी यांच्या प्रती आपण काढून घ्याव्यात. मूळ वस्तू घरातच राहू द्याव्यात. वैद्यकीय महाविद्यालयांत चित्र काढून निरीक्षण नोंदवण्याचा तास पुन्हा सुरू करावा. आणि आपण ज्याचे लिहितो, तो रुग्ण कोण होता, त्याची परवानगी होती का आणि कोणाची नोंद राहून गेली, हे आपल्या लेखनात प्रामाणिकपणे सांगावे.

उपाशी माणसांनी, शिक्षेच्या भीतीखाली, शेजारच्या रुग्णाची नोंद ठेवली. आपल्याजवळ वेळ आहे, कागद आहे आणि स्वातंत्र्य आहे. ते आपण वापरायला हवे. हे काम या संमेलनाने हाती घ्यावे, अशी विनंती करते.