नांवाचे दाम

तंबोरा घ्यावयास मिरजेस आलेला गवई वाद्यावरील चिठ्ठी वाचीत बसत नाहीं. तो तारा छेडतो, जवारी ऐकतो, भोपळा निरखून पाहतो आणि मगच भावाची गोष्ट काढतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण त्यापूर्वीं कित्येक पिढ्या तीं वाद्यें केवळ कानाच्या साक्षीनें विकलीं जात होतीं. श्रोतेहो, किराणा घेतांना मात्र आपण एवढी चिकित्सा करीत नाहीं. ओळखीच्या छापाचें नांव पिशवीवर दिसलें कीं आपलें समाधान होतें. महागाईनें अलीकडे या समाधानाची किंमत वाढविली आहे. तेव्हां तें कितपत रास्त आहे, हें आज पाहावयाचें आहे.

२०१५ सालीं तूरडाळ किलोस सुमारें २०० रुपयांपर्यंत चढली होती. २०२२ मध्यें युक्रेनांत युद्ध पेटलें आणि त्याची झळ आपल्या सूर्यफुलाच्या तेलापर्यंत येऊन पोंचली. असा एकेक तडाखा बसला कीं घरांतील हिशेबाची वही उघडते. यादींतील जिन्नस गाळतां येत नाहींत. म्हणून मग नांवें बदलूं लागतात. मोठ्या दुकानांतील फळ्यांवर नांवाजलेल्या मालाशेजारीं त्या दुकानाच्याच छापाची साधी पिशवी ठेवलेली असते. पवईस २००२ सालीं पहिलें दुकान उघडणाऱ्या डी-मार्टचें ‘प्रीमिया’, रिलायन्सच्या दुकानांतील ‘गुड लाइफ’, हीं अशींच नांवें. २०२३ मध्यें तर खुद्द केंद्र सरकारनें ‘भारत’ छापाची हरभऱ्याची डाळ ६० रुपये किलोनें विकावयास काढली.

हा दुकानछाप माल स्वस्त कां? दुकानदारास आपल्याच फळीवर जागा मागावी लागत नाहीं, जाहिरातींवर पैसा ओतावा लागत नाहीं आणि मधले एक-दोन हात टळतात. आपण कोणाच्या पिशवींत जाणार हें तुरीला ठाऊक नसतें. एकाच गिरणींतील डाळ दोन नांवांनीं विकली जाणें ही या व्यापारांत नवलाची गोष्ट नव्हे. तेव्हां डाळ, साखर, पोहे, रवा अशा डोळ्यांनीं पारखतां येणाऱ्या जिनसांत नांवासाठीं जादा दाम मोजण्याचें कारण क्वचितच असतें. पाहुणे आमटीची छाप विचारीत नाहींत.

दळलेल्या जिनसांची गोष्ट निराळी. हळदीच्या पुडींत लेड क्रोमेट या विषारी रंगाची भेसळ होऊं शकते आणि ती नुसत्या नजरेस कळत नाहीं. येथें स्वस्ताईवर भुलून चालावयाचें नाहीं. सांगलीची पेठ हळदीची. तेथील हळदीस २०१८ सालीं मानांकन मिळालेलें आहे. मिरजकरांनीं तरी हळकुंडें पारखून घ्यावीं आणि गिरणींतून दळून आणावीं. ज्यांस हें शक्य नाहीं त्यांनीं पुड्याची मागील बाजू वाचावी. माल कोणीं तयार केला, कोणीं भरला, निव्वळ वजन किती, तारीख कोणती आणि अन्नपरवान्याचा चौदा आंकडी क्रमांक आहे कीं नाहीं, हें सारें तेथें असावयास हवें.

आणखी एक हिशेब करावा. पांच-दहा रुपयांच्या पुड्याची किंमत तीच राहते, पण आंतील ग्रॅम घटत जातात. म्हणून किंमत पुड्याची न पाहतां किलोची पाहावी. जुलै २०२२ पासून बांधीव व लेबल लावलेल्या डाळी-पिठांच्या २५ किलोंपर्यंतच्या पिशवीवर ५ टक्के वस्तु-सेवा-कर आहे, मग छाप नांवाजलेली असो वा नसो. सुट्या मालावर तो नाहीं.

दुकानाच्या नांवानें माल विकण्याची कल्पना एकट्या व्यापाऱ्यांची नव्हे. १८४४ सालीं इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं विणकर व इतर कामकरी यांनीं थोडें थोडें भांडवल जमवून एक दुकान काढलें. त्या काळीं पिठांत भेसळ सर्रास चाले. शुद्ध माल आणि पुरतें माप हा त्यांचा बाणा होता. १८६३ मध्यें अशा दुकानांनीं मिळून घाऊक संस्था उभारली आणि पुढें ती आपल्या कारखान्यांतील बिस्किटें व साबण स्वतःच्या छापानें विकूं लागली. आपल्याकडे १९४८ सालीं मुंबईंत नायगांवास ‘अपना बाजार’ निघाला. १९७५ मध्यें मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि तिनें कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र आणून वांटून घेण्याची पद्धत रूढ केली. अशा ठिकाणीं दुकानाचें नांव म्हणजे ग्राहकांचेंच नांव. आजच्या मोठ्या दुकानाचें तसें नाहीं. दुसऱ्यांचा माल फळीवरून नाहींसा झाल्यावरही तें आजच्याच भावानें विकील, असें वचन त्या पिशवीवर कोठेंही छापलेलें नसतें.

शिवाय ही बचत सर्वांच्या वांट्यास येत नाहीं. पहिल्या तारखेस पगार हातीं पडणारें घर पांच किलोंची पिशवी एकदम उचलतें. रोजावर जगणारें घर संध्याकाळीं पांच रुपयांची चहाची पुडी घेतें आणि किलोमागें सर्वांत अधिक दाम मोजतें. त्याला आधार गल्लींतील वाण्याचा, कारण तो उधारी वहींत मांडून घेतो. आजारपणांत किंवा नोकरी सुटल्यावर हीच वही पगारदारांच्याही उपयोगी पडते. आपण सारेच मोठ्या दुकानाकडे वळलों आणि वाण्याचें दुकान बंद पडलें, तर आपल्या बचतीची किंमत शेजारच्या चुलीला मोजावी लागेल.

म्हणून माझें सांगणें एवढेंच कीं, बांधीव जिन्नस जेथें स्वस्त आणि खात्रीचा मिळेल तेथें नांवाची भीड न धरतां घ्यावा. सुटी डाळ आणि तांदूळ वाण्याकडूनच, मुठींत घेऊन पाहून घ्यावे. चार शेजारणींनीं मिळून एक पोतें आणून वांटून घेतल्यास बचत अधिक. आणि ज्या घरास पोतें एकट्यानें परवडत नाहीं त्यालाही तींत वांटा देतां येतो. ‘नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा’ ही म्हण महागड्या पिशवीस लागूं पडते, तशी स्वस्त पिशवीसही पडूं शकते. वाळा हातांत घेऊन पाहावा. नांव मागाहून विचारावें.