भाड्याचे घर आणि डागडुजीचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेत न्हाणीघराच्या फरशीविषयी बोलणारा वक्ता आपणांस क्वचितच भेटला असेल. परंतु आकुर्डीत हा विषय क्षुल्लक नाही. साठीच्या दशकात येथे बजाजचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि कामाला आलेल्या माणसांना खोली हवी झाली. कुणी शेताच्या कडेला चार खोल्या बांधल्या, कुणी फंडाच्या पैशातून राहत्या घराशेजारी दुसरे घर उठवले. आमचे घर या दुसऱ्या जातीचे. दोन खोल्या आणि वर गच्ची.

जुना भाडेकरू जायचा होता. दुरुस्तीसाठी हाती दोन लाख होते, तेही निवृत्तीच्या पैशातले. मिस्त्रींचा अंदाज तीन लाख चाळीस हजारांचा झाला. त्यात मॉड्युलर किचनचे नव्वद हजार होते. एजंट म्हणाला, ‘‘यामुळे भाडे हजाराने वाढेल.’’ आम्ही कागदावर भागाकार मांडला. नव्वद महिने, म्हणजे साडेसात वर्षे! तोवर ती फळकुटे पाण्याने फुगलेली असणार. शिवाय दहा हजार भाड्याचे घर महिनाभर रिकामे राहिले, तर त्या वाढीव हजाराची दहा महिन्यांची कमाई बुडते. भाडेकरू टिकतो कशाने, हा प्रश्न भाडे वाढते कशाने यापेक्षा मोठा, हे तेव्हा ध्यानात आले.

पण त्याचे उत्तर आम्हांस सुचले नाही. ते जाणाऱ्या बाईंनी दिले. चहा घेताना आमच्या मंडळींना त्या म्हणाल्या, ‘‘काकू, टाइल्स राहू द्या. गीझर चालू असला की नळाला हात लावायची भीती वाटते. मुलाला आंघोळ घालण्याआधी मी बटण बंद करते.’’ दोन वर्षे ती माउली बटण बंद करीत होती, आणि आम्ही दर महिन्याच्या पाच तारखेला भाडे मोजून घेत होतो!

वायरमनने बोर्ड उघडला. अर्थिंगची तार बोर्डापर्यंत आलेली होती. पुढे ती कशालाच जोडलेली नव्हती. त्या दिवशी किचनचा कागद फाडला. बेचाळीस हजारांत सगळे वायरिंग नवे केले, अर्थिंग घातले, आणि तीस मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे यंत्र मेन बोर्डावर बसवले. न्हाणीघर व नळ यांना अडतीस हजार लागले. महापालिकेने नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी सुरू केले, तेव्हापासून साठवण हा घराचा मोठा गुण ठरला. म्हणून जोडणीसह तेरा हजारांची मोठी टाकी घेतली.

येथवर शहाणपण. पुढे चुकलो. नवे कुटुंब एक जूनला येणार म्हणून घाईने चौदा हजारांचा रंग काढला आणि गच्ची दिवाळीनंतर करू म्हटले. जुलैत रंगाचे पोपडे गादीवर पडू लागले. शेवटी पावसाळा सरल्यावर गच्चीचा ढाळ व कठड्याचे सांधे दुरुस्त करायला पंचावन्न हजार गेले, आणि रंगाला पुन्हा चौदा. आपल्यापैकी कुणाची गच्ची राहिली असेल, तर मे अजून संपलेला नाही.

डागडुजी हा काही मालकाचा उपकार नव्हे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधले होते. त्या भाड्यात चुनाही लागेना, आणि पुण्यातील कित्येक वाडे गळत राहिले. ती सबब आज आमच्यासारख्यांना नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार घर राहण्याजोगे ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. करारही लेखी व नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारीही मालकाचीच. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही कट्ट्यावरची कायदेपंडिती आहे! उलट भाड्याच्या उत्पन्नातून पालिकेचा कर वजा जाता उरेल त्यावर ३० टक्के वजावट आयकरात मिळते, मग दुरुस्ती करा अगर करू नका. हा पैसा घरासाठीच आहे असे समजून आम्ही तो वेगळा काढतो.

एकूण एक लाख शहात्तर हजार खर्च झाले, चोवीस हजार राखून ठेवले. भाडे पाचशेनेच वाढवले. ओटा जुना कडाप्प्याचाच आहे. नव्या बाईंनी त्याखाली फुलांचा पडदा लावला आहे, आणि आतून गव्हाच्या डब्याचे टोक दिसते.