हरलेल्या संघाचं कौतुक

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या बक्षीस समारंभात केलेले भाषण)



कमिटीने मला दहा मिनिटं दिली आहेत. पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आहे, तेव्हा वेळेचा आणि आकड्यांचा हिशोब पक्का ठेवीन, याची खात्री बाळगा.

मी बोलणार आहे बास्केटबॉलबद्दल. तुम्ही म्हणाल, काकांचा आणि बास्केटबॉलचा काय संबंध? तर २०१० साली मी निवृत्त झालो आणि मार्चमध्ये आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत, इंडियानापोलिसला गेलो. बाहेर थंडी, त्यामुळे दिवसभर घरात. टीव्ही लावला की एकच विषय: कॉलेजांच्या बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा. ६५ संघ, आणि एक सामना हरला की थेट घरी.

त्या गावातच बटलर नावाची युनिव्हर्सिटी आहे. चार-साडेचार हजार विद्यार्थी, म्हणजे तिकडच्या मानाने अगदी लहान. त्यांचं खेळाचं सभागृह, हिंकल फील्डहाऊस, १९२८ सालचं. कोच ब्रॅड स्टीव्हन्स अवघा ३३ वर्षांचा. एलाय लिली या मोठ्या औषध कंपनीतली नोकरी सोडून हा गृहस्थ आधी बिनपगारी मदतनीस म्हणून बटलरमध्ये आला होता. आम्हा बँकवाल्यांच्या पोटात गोळाच येईल असा निर्णय! नम्रता, तळमळ, एकी, सेवाभाव आणि कृतज्ञता ही त्यांच्या संघाची पाच तत्त्वं. तत्त्वं भिंतीवर लावणारे पुष्कळ असतात, ही मुलं ती मैदानात वापरायची.

या संघाने सिरॅक्यूज, कॅन्सस स्टेट, मिशिगन स्टेट अशा मातब्बरांना हरवलं. ५ एप्रिलला अंतिम सामना, तोही इंडियानापोलिसमध्येच, समोर बलाढ्य ड्यूक. स्टेडियममध्ये सत्तर हजारांवर माणसं. आणि त्या दिवशी सकाळी बटलरची पोरं चक्क वर्गात जाऊन बसली होती! बालमित्रांनो, हे नीट ऐका. आणि पालकांनो, तुम्ही लगेच माना डोलवू नका, तुमच्याबद्दल पुढे बोलायचं आहे.

सामना अटीतटीचा झाला. शेवटी ड्यूक ६१, बटलर ५९, आणि साडेतीन सेकंद शिल्लक. गॉर्डन हेवर्ड या मुलाच्या हातात चेंडू आला. तो पळाला आणि जवळजवळ अर्ध्या मैदानातून त्याने चेंडू फेकला. आत गेला असता तर तीन गुण आणि विजेतेपद. चेंडू फळीवर आपटला, कडीला लागला आणि बाहेर पडला. आमच्या घरात कोणी बोलेना. माझ्या सौभाग्यवतींना या खेळाचे नियमसुद्धा ठाऊक नव्हते, पण त्यांच्याही डोळ्यांत पाणी.

दुसऱ्या दिवशी किराणा आणायला गेलो, तर काउंटरवरची बाई बटलरचा निळा टी-शर्ट घालून उभी! मुलाने विचारलं, काल हरले ना? ती म्हणाली, हो, पण आमचेच आहेत ना.

गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. दोन गुणांनी हरलेल्याचं कौतुक कोणीही करतं. खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. हेवर्ड व्यावसायिक संघात गेला. बटलर हंगामाच्या मध्यात धडाधड हरू लागला. २३ सामन्यांत नऊ पराभव. मग हे पठ्ठे सलग १४ सामने जिंकून पुन्हा अंतिम फेरीत! मी इकडे भारतात, पहाटेपासून फोनला चिकटलेला. आणि निकाल काय? कनेक्टिकट ५३, बटलर ४१. बास्केटवर ६४ वेळा चेंडू मारला, त्यांतले १२ आत गेले. बँकेत अशी वसुली झाली असती तर मॅनेजरची बदली ठरलेली! मॅट हॉवर्ड हा त्यांचा अनुभवी खेळाडू, त्याचे १३ पैकी १२ प्रयत्न फुकट गेले. पण याच हॉवर्डने त्याच स्पर्धेतले पहिले दोन सामने अगदी शेवटच्या क्षणी जिंकून दिले होते. दुसऱ्या सामन्यात तर एक सेकंदही उरला नव्हता.

आता सांगा, हॉवर्ड कसा खेळाडू? फक्त शेवटची शिल्लक बघून खातेदार ओळखता येत नाही, मधल्या नोंदीही वाचाव्या लागतात.

कौतुक म्हणजे खोटं सांत्वनही नव्हे. त्या रात्री बटलर वाईट खेळला, कनेक्टिकट जिंकायच्या लायकीचा होता, हे कबूल करायलाच हवं. ‘नशीब खराब’ म्हणून हात झटकले तर मुलं काहीच शिकत नाहीत.

हे सगळं आज का सांगतोय, ते तुमच्या लक्षात आलं असेल. जानेवारीत आंतर-सोसायटी बॉक्स क्रिकेटच्या फायनलला आपली मुलं चार धावांनी हरली. शेवटच्या चेंडूवर जो मुलगा बाद झाला, तो पुढे आठ दिवस खाली खेळायला उतरला नाही. त्याचं नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही. पण सोसायटीच्या ग्रुपवर जे मेसेज फिरले, ते त्यानेही वाचले असणार. तो फटका मारायची काय गरज होती, असं तिथे लिहिणारे किती जण त्या दिवशी मैदानावर होते? मी मोजले. मोठी माणसं सात.

हरलेल्या संघाला स्टेजवर कशाला बोलवायचं, असाही सूर निघाला होता. कमिटीने तरी बोलावलं, त्याबद्दल अध्यक्षांचे मनापासून आभार. ज्या संघाने फायनलपर्यंत चार सामने जिंकून दिले, तो आपलाच संघ आहे.

पालकांना एवढीच विनंती, की मूल हरून घरी आलं तर आधी जेवायला वाढा. चुका दुसऱ्या दिवशी, त्यानेच विषय काढला तर बोला. आणि पुढच्या जानेवारीत मैदानावर या. मी खुर्ची घेऊन येणारच आहे, शेजारी जागा धरून ठेवतो.

आणि बाळा, तू जिथे बसला आहेस तिथून ऐकतो आहेस, हे मला माहीत आहे. उद्या संध्याकाळी साडेपाचला सगळे खाली जमणार आहेत. बॅट घेऊन ये.