नारळ, बोअर आणि वही
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आपल्या बारामती-इंदापूरच्या जिरायत पट्ट्यात बोअर घ्यायचे म्हटले की आधी पाणाड्या येतो. तळहातावरचा नारळ उभा राहिला की जागा ठरते आणि कर्ज निघते. पाणी लागले तर ती हकीकत पारावर वर्षानुवर्षे सांगितली जाते. बोअर कोरडे गेले तर घरचे गप्प बसतात. मग ‘अमक्याचा नारळ चुकत नाही’ अशी ख्याती होते.

शास्त्रज्ञ म्हणतात, नसलेला संबंध पाहण्याची ही खोड उत्क्रांतीतून आली असावी. गवत हलताच वाघ समजून पळणारा फुकट पळाला तरी जगला. वारा समजून थांबणारा एकदाच चुकला. हे पटते, आणि म्हणूनच जपावे! अशी जंगलातली कथा कोणत्याही सवयीला मागाहून चिकटवता येते. अंदाज आधी लिहून ठेवावा, तो कशाने खोटा ठरेल हेही लिहावे, मग तपासायला निघावे.

तपासणी कशी असावी? २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार व १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका सांकेतिक क्रमांक देऊन मिसळल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या. हुशार कोण, मतिमंद कोण, एवढेच सांगायचे. उत्तरे २७ जणांनी पाठवली. नाणे उडवले तरी सरासरी २० बरोबर यावीत. सर्वांत यशस्वी ज्योतिषाची २४ आली, आणि सर्वांची सरासरी निम्म्याहूनही खाली राहिली. एकट्या २४ वाल्याचीच बातमी झाली असती तर?

विद्यार्थी मित्रांनो, हेच आपल्या गावी करता येईल. नारळाने ठरवलेली बोअर मोजा, कोरडी धरून. शेजारची नारळाविना घेतलेलीही मोजा. नीरा डाव्या कालव्याखालचे शिवार आणि जिरायत शिवार वेगळे ठेवा. कालव्याखाली पाझराचे पाणी असते, तिथे नारळाला श्रेय कसले? पाणी मोजणाऱ्याला जागा कोणी दाखवली हे कळू देऊ नका. आणि निकाल पाणाड्याच्या बाजूने लागला तर तोही तसाच मांडा.

पालकांना एक विनंती. कोरड्या बोअरची गोष्ट सांगायला आपण लाजतो, आणि नेमकी तीच मुलांच्या वहीत हवी आहे. नाव किंवा गट नंबर लिहायचे नाहीत, असे मुलांना बजावले आहे. फक्त किती फूट गेले आणि पाणी लागले की नाही, एवढे सांगा.