खरे सांगणाऱ्याची सोय

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी आज केलाच आहे. मला विश्वस्तांनी एवढेच सांगितले की, तरुण मंडळींच्या उपयोगी पडेल असे काही बोला. म्हणून मी एक रुक्ष वाटणारा विषय घेतला आहे. इस्पितळांच्या खोट्या बिलांची खबर देणाऱ्या माणसाला कायद्याचे कोणते साहाय्य मिळते, आणि त्याला पैशाच्या रूपाने बक्षीस द्यावे की नाही, हा तो विषय होय. कायदा अमेरिकेचा आहे. परंतु हैदराबादकरांना तो आता परका राहिलेला नाही.

आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुलगा किंवा मुलगी संध्याकाळी डबा घेऊन कंपनीच्या गाडीत बसते आणि पहाटे परत येते. अमेरिकेतील डॉक्टरने रोगी तपासला की त्याचे टिपण येथील संगणकावर उतरते. आपली मुले ते वाचून रोगाचा आणि उपचाराचा ठरावीक अंक लिहितात. या कामाला ‘मेडिकल कोडिंग’ म्हणतात. त्या अंकावर बिल तयार होते आणि बिलावर पैसा मिळतो. तेव्हा अंक लिहिणारा हात हा एका अर्थी खजिन्याच्या कुलपावरचा हात आहे.

हा खजिना बहुतांशी जनतेचा असतो. १९६५ साली अमेरिकेने दोन योजना सुरू केल्या : वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’. त्यांची बिले सरकार भरते. जेथे एक माणूस उपचार घेतो आणि दुसराच कोणी पैसे भरतो, तेथे खोटेपणाला वाट सापडते. रोगी साध्या तपासणीसाठी आला असता ९९२१३ हा अंक लिहावयाचा, त्याऐवजी मोठ्या तपासणीचा ९९२१५ लिहिला की बिल वाढते. एकत्र करावयाच्या तपासण्यांची वेगवेगळी बिले करणे, जो उपचार झालाच नाही त्याचे बिल लावणे, रोगी पाठविल्याबद्दल दलाली देणे, हे आणखी काही प्रकार. कागदावर सगळे नीटनेटके दिसते. ते खोटे आहे हे बाहेरच्या तपासनिसाला कळत नाही. आत बसलेल्या कारकुनाला, परिचारिकेला किंवा हिशेबनिसाला कळते.

ही गोष्ट अमेरिकेने फार पूर्वी ओळखली. तेथील यादवी युद्धात सैन्याला माल पुरविणारे ठेकेदार आजारी खेचरे आणि निकामी बंदुका सरकारच्या माथी मारीत. दारूच्या पेट्यांत भुसा भरल्याच्याही तक्रारी होत्या. तेव्हा अध्यक्ष लिंकन यांच्या कारकिर्दीत, १८६३ च्या मार्चमध्ये ‘फॉल्स क्लेम्स ॲक्ट’, म्हणजे खोट्या मागण्यांविषयीचा कायदा झाला. सरकारची फसवणूक ज्याला ठाऊक आहे, त्या कोणाही माणसाने सरकारच्या वतीने दावा लावावा आणि वसूल रकमेचा अर्धा भाग स्वतः घ्यावा, अशी त्यात तरतूद होती. अशा दाव्याला ‘क्वी टॅम’ या लॅटिन नावाने ओळखतात. राजासाठी आणि स्वतःसाठीही जो दावा चालवितो तो, असा त्याचा भावार्थ. १९४३ साली या तरतुदीचे पंख कापले गेले. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये ती सुधारून पुन्हा बळकट करण्यात आली.

आजच्या स्वरूपात ती अशी आहे. दावा प्रथम गुप्तपणे, न्यायालयाच्या मोहरेखाली दाखल होतो. किमान ६० दिवस प्रतिपक्षाला त्याचा पत्ता लागू देत नाहीत. पुष्कळदा ही मुदत वाढत वर्षांवर जाते. तेवढ्या काळात सरकार चौकशी करते. सरकारने दावा आपल्या हाती घेतला तर खबर देणाऱ्याला वसुलीच्या १५ ते २५ टक्के मिळतात. सरकार बाजूला राहिले आणि त्याने एकट्याने तो जिंकला तर २५ ते ३० टक्के. फसविणाऱ्याकडून नुकसानीच्या तिप्पट रक्कम आणि वर दंड घेता येतो. खबर दिल्यामुळे नोकरी गेली तर ती परत मिळण्याचा, बुडालेल्या पगाराच्या दुप्पट रक्कम व्याजासह मिळण्याचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. दावा जिंकल्यास वकिलाची वाजवी फी प्रतिपक्षाने द्यावयाची असते. त्यामुळे ज्याच्या खिशात पैसा नाही, त्यालाही जिंकल्यावर फी घेणारा वकील मिळू शकतो.

३० सप्टेंबर २०२४ रोजी संपलेल्या सरकारी वर्षात असे ९७९ दावे दाखल झाले. त्या वर्षी या कायद्याखाली सरकारने २९० कोटी डॉलरांहून अधिक रकमेच्या तडजोडी व निवाडे मिळविले. त्यांपैकी १६० कोटींहून अधिक रक्कम आरोग्याच्या क्षेत्रातील होती.

आता कोणी म्हणेल, सज्जनाला एवढी सोय कशाला हवी? खरे बोलणारा बोलेलच. याचे उत्तर डेट्रॉइट शहराजवळच्या एका प्रकरणात मिळते. फरीद फाता नावाचे कर्करोगाचे डॉक्टर होते. ज्यांना कर्करोग नव्हता किंवा ज्यांना औषधाची गरज नव्हती, अशांना ते ती जहाल औषधे टोचीत आणि त्यांची बिले लावीत. २०१० साली एका परिचारिकेने तेथील औषध देण्याची रीत पाहिली, ती घाबरली आणि तिने राज्य सरकारच्या खात्याला लेखी कळविले. पुढच्या वर्षी उत्तर आले की, नियमभंग आढळला नाही. दवाखाना चालू राहिला. २०१३ साली त्याच दवाखान्याच्या व्यवस्थापकाला हे कळले. तो वकिलाकडे गेला, वकिलाने संघीय सरकारला कळविले आणि काही दिवसांतच, ६ ऑगस्ट रोजी, डॉक्टरांना अटक झाली. त्यांनी गुन्हा कबूल केला. जुलै २०१५ मध्ये त्यांना ४५ वर्षांची शिक्षा झाली आणि १ कोटी ७६ लाख डॉलर जप्त करण्याचा हुकूम झाला. पीडित रोगी ५५३ होते, असे सरकारने न्यायालयात सांगितले.

परिचारिकेच्या सचोटीत काय उणे होते? काहीच नाही. तिचे पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले आणि फाईल बंद झाली. व्यवस्थापकाचे म्हणणे कायदा जाणणाऱ्या माणसाच्या हातून, जेथे पोहोचावयाचे तेथे पोहोचले. मधल्या तीन वर्षांत किती निरोगी शरीरांत विष गेले असेल, याचा विचार आपण करावा. खोट्या बिलाला आपण पैशाचा गुन्हा समजतो. पण बिल खोटे असेल तर पुष्कळदा त्याच्यामागचा उपचारही खोटा असतो, आणि त्याची किंमत रोग्याच्या देहातून वसूल होते.

दुसरे उदाहरण हिशेबनिसाचे. मोंटाना राज्यातील व्हाइटफिश या लहानशा गावच्या रुग्णालयात जेम्स ऑल्डरसन हे हिशेबाचे मुख्य अधिकारी होते. १९९० साली नव्या व्यवस्थापनाने त्यांना मेडिकेअरसाठी एक आणि आतल्या उपयोगासाठी दुसरा, असे दोन हिशेब ठेवण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला; नोकरी गेली. १९९३ साली त्यांनी गुप्त दावा दाखल केला. आपल्या या दाव्याविषयी त्यांना वर्षानुवर्षे मौन पाळावे लागले. त्यांच्या आणि इतरांच्या दाव्यांतून एच. सी. ए. या रुग्णालयांच्या प्रचंड कंपनीने २००० ते २००३ या काळात एकूण सुमारे १७० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. नोकरी जाण्यापासून त्या शेवटच्या तडजोडीपर्यंत तेरा वर्षे लोटली होती.

माझ्या हाताखाली शिकून गेलेली एक मुलगी याच कामात आहे. तिने एकदा मला विचारले, “सर, खरे सांगून त्याचे पैसे घ्यायचे, हे बरे दिसते का?” प्रश्न योग्य आहे. आपल्याकडे ‘खबऱ्या’ हा शब्द चांगल्या अर्थाने वापरीत नाहीत. परंतु चहाडी आणि साक्ष यांत फरक आहे. चहाडी पाठीमागे, पुराव्यावाचून आणि कोणाचे तरी वाईट व्हावे म्हणून केली जाते. साक्ष देणारा नाव लावून, कागद पुढे ठेवून, उलटतपासणीला उभा राहतो. आमच्या घरांतून ‘अमानत’ हा शब्द लहानपणापासून कानांवर पडतो. दुसऱ्याची ठेव, जी जशीच्या तशी परत करावयाची. रुग्णाचा देह ही डॉक्टरकडे दिलेली अमानत आहे आणि खजिना ही सरकारकडे दिलेली. तिची चोरी दिसत असता गप्प बसणे हे कोणत्याच धर्मात चांगले सांगितलेले नाही.

राहिला पैसा. तो रोग्याच्या खिशातून येत नाही, चोराकडून वसूल झालेल्या रकमेतून येतो. तो वर्षानुवर्षांच्या चिंतेनंतर येतो आणि दावा हरला तर येतच नाही. लबाडीची योजना ज्याने स्वतः आखली, त्याचा वाटा न्यायालय कमी करू शकते, आणि त्यातच तो गुन्हेगार ठरला तर त्याला काहीच मिळत नाही. नोकरी गेलेल्या माणसाच्या घरी तांदूळ आणावयाचे असतात, मुलांची फी भरावयाची असते. समाजाने त्याच्याकडून सत्य घ्यावे आणि उपासमार त्याच्या वाट्याला ठेवावी, यात कोणता न्याय आहे?

आपल्या देशाशी निगडित एक मोठे उदाहरण दिनेश ठाकूर यांचे आहे. ‘रॅनबॅक्सी’ या औषध कंपनीत अधिकारी असताना औषधांच्या चाचण्यांचे आकडे बनावट असल्याचे त्यांना आढळले. २००५ साली त्यांनी नोकरी सोडली आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाला कळविले; २००७ साली दावा लावला. मे २०१३ मध्ये कंपनीने गुन्हे कबूल करून ५० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. तिचे पांवटा साहिब आणि देवास येथील कारखाने त्या प्रकरणात होते. ठाकूर यांच्या वाट्याला सुमारे ४ कोटी ८६ लाख डॉलर आले. औषधे भारतातील, खबर देणारा भारतीय वंशाचा, आणि न्याय मात्र अमेरिकन न्यायालयात झाला, ही गोष्ट आपल्याला विचार करावयास लावणारी आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचार कळविणारे तरुण अभियंते सत्येंद्र दुबे यांनी आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली होती. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. त्यानंतर २००४ साली तक्रारदाराचे नाव गुप्त राखण्याचा ठराव केंद्र सरकारने केला. २०१४ साली संरक्षणाचा कायदाही संमत झाला. परंतु तो अमलात आणणारी अधिसूचना वर्षानुवर्षे निघाली नाही. इकडे २०१८ साली ‘आयुष्मान भारत’ योजना सुरू होऊन गरीब कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी मिळाली. २०२३ च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात, नोंदीप्रमाणे आधीच मरण पावलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारापोटी ६ कोटी ९७ लाख रुपये दिले गेल्याची नोंद आहे. खजिना आला तसा उंदीरही आला. या योजनेत तक्रार करण्यासाठी १४५५५ हा दूरध्वनी क्रमांक आहे; पण खासगी माणसाने सरकारच्या वतीने दावा लावून वाटा मिळवावा, अशी तरतूद आपल्या कायद्यात नाही.

तरुण मित्रांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली : अमेरिकन कायद्यात दावा लावणारी ‘व्यक्ती’ एवढाच शब्द आहे, नागरिकत्वाची अट नाही. परंतु नोकरीचे जे कवच मी सांगितले, ते हैदराबादच्या नोकरीला आपोआप लागते असे समजू नका. दुसरी : रुग्णांचे कागद फोनमध्ये उतरवून घेऊ नका, मित्रांना दाखवू नका. काय पाहिले, केव्हा पाहिले, याची स्वतःची नोंद रुग्णाचे नाव न घालता ठेवा आणि पुढचे वकिलाला विचारा. तिसरी : नुसत्या तक्रारीने वाटा मिळत नाही, दावा लावावा लागतो, आणि त्याच फसवणुकीचा दावा आधी दुसऱ्याने लावला असेल, तर मागून येणाऱ्याला दार बंद असते. चौथी : एखादी चूक ही लबाडी नव्हे. आधी वरिष्ठांना लेखी विचारावे. पुष्कळदा अंक खरोखरच चुकलेला असतो. उगाच लावलेल्या दाव्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. शिवाय कायदा स्थिर नसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये फ्लॉरिडातील एका संघीय न्यायाधीशांनी असे खासगी दावे राज्यघटनेला धरून नाहीत असा निर्णय दिला आणि ते प्रकरण अपिलात गेले. म्हणून त्या दिवशीचा कायदा काय आहे, हे वकिलाकडूनच समजून घ्यावे.

शेवटी विश्वस्तांना एक विनंती. आपल्या ट्रस्टने आजवर विद्यार्थ्यांना पुस्तके दिली, आजाऱ्यांना औषधपाणी दिले. आपल्या सभासदांत निवृत्त वकील आहेत, हिशेबनीस आहेत, डॉक्टर आहेत. त्यांपैकी तिघांची एक लहानशी समिती नेमावी. कामाच्या ठिकाणी अशी लबाडी ज्याला दिसली, त्याने गुपचूप येऊन तिच्यापुढे बोलावे, आणि त्याचे नाव त्या खोलीबाहेर जाऊ नये. वकिलाच्या पहिल्या सल्ल्यापुरती आणि नोकरी गेलीच तर दोन-तीन महिन्यांच्या घरखर्चापुरती थोडी रक्कम महोत्सव निधीतून वेगळी ठेवावी. अमेरिकेसारखा कायदा आपण करू शकत नाही. पण खरे बोलणाऱ्या आपल्या मुलामुलीला दुसऱ्या दिवशी एकटे वाटू नये, एवढे या ट्रस्टच्या हातात निश्चित आहे. विश्वस्तांनी येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, अशी सूचना करून मी आपली रजा घेतो.