परदेशात कपडे शिवून घेताना काय बघितलं

(महासंघाच्या शिवणकाम करणाऱ्या सदस्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं ‘व्हिएतनाममधील शिवणकाम’ असं छापलंय. ते वाचून मागच्या रांगेतल्या दोघी म्हणाल्या, आमचं तालुक्याच्या बाजाराला जाणं होत नाही, हे व्हिएतनाम कुठं काढलं? त्यांचं बरोबर आहे. पण ऐका तर खरं. मुलगा-सून फिरायला निघाले, मलाही घेऊन गेले. तिथं होई आन नावाच्या गावात मी कपडे शिवून घेतले. आपण जन्मभर टेप हातात घेऊन उभ्या असतो. तिथं टेप दुसरीच्या हातात होती आणि मी आरशापुढं उभी होते. त्या बाजूनं आपला धंदा कसा दिसतो, तेवढंच आज सांगते.

होई आन हे व्हिएतनामच्या मधल्या भागात, थू बोन नदीच्या मुखाजवळचं जुनं बंदर. दा नांग या शहरात विमानतळ आहे, तिथून रस्त्यानं साधारण तीस किलोमीटर. सोळाव्या-सतराव्या शतकात चिनी, जपानी, पोर्तुगीज व्यापारी तिथं रेशीम आणि चिनी मातीची भांडी घ्यायला यायचे. पुढं नदी गाळानं भरली, मोठी जहाजं दा नांगला जाऊ लागली, आणि गाव होतं तसंच राहून गेलं. जुनी घरं मोडली नाहीत, कारण नवी बांधायला व्यापारच उरला नव्हता. त्याच जुनेपणामुळं १९९९ साली युनेस्कोनं गावाला जागतिक वारसा म्हणून मान दिला, आणि आता जगभरातून माणसं येतात. संध्याकाळी रंगीत कंदील लागतात, ते बघायला गर्दी. ते सोडा. आपल्या कामाची गोष्ट अशी, की एवढ्याशा गावात शिवणाऱ्यांची दुकानं शेकड्यांनी आहेत. गिऱ्हाईक येतं, कापड निवडतं, माप देतं आणि दोन-तीन दिवसांत नवे कपडे घेऊन आपल्या देशी परत जातं.

आता विचार करा. गिऱ्हाईक तीन दिवसांनी हजारो मैलांवर जाणार. ब्लाऊज काखेत काचतंय म्हणून ते पुढच्या सोमवारी परत येणार नाही. शिवणारीला सुधारायची संधी त्या तीन दिवसांतच. मग त्या बायका हे कसं निभावतात?

पहिल्यांदा मापाचं. आपल्याकडं काय होतं? बाई येते, जुनं ब्लाऊज टेबलावर टाकते आणि म्हणते, “ह्या मापाचं शीव.” आपणही तेवढ्यावर कात्री चालवतो. पण त्या जुन्या ब्लाऊजात तीन वर्षांपूर्वीचं अंग असतं, आणि ज्यानं ते शिवलं त्याच्या चुकाही असतात. आपण त्या चुकांसकट नवं शिवतो. होई आनच्या दुकानात जुना कपडा कुणी मागितला नाही. एक बाई माप घेत होती, दुसरी वहीत लिहीत होती. छाती, कंबर, तिरा, मुंढा, दंड, मनगट, खांद्यापासून कंबर पुढून वेगळी आणि पाठीवरून वेगळी. डावा खांदा वेगळा, उजवा वेगळा. माझा उजवा खांदा उतरलेला आहे, पाणी वाहून वाहून आपल्यातल्या निम्म्या जणींचा असतो. तिनं टेप न लावता नजरेनंच ते ओळखलं आणि वहीत लिहायला लावलं. मग पुढून, बाजूनं, पाठीमागून असे फोटो काढले, कारण कापणारा माणूस मला बघणार नव्हता.

बोलणं मोबाईलवरच्या भाषांतरावर चाललं होतं. पण एक शब्द मी लगेच उचलला. तिथं ओळख नसलेल्या बाईलाही ‘ची’ म्हणतात, म्हणजे ताई. वय जास्त असेल तर ‘को’, म्हणजे आत्या-मावशीसारखं. मी त्यांची ‘को’ झाले. दुकानात असं नातं लावून बोलायची रीत आपलीच वाटली.

सुनेनं मोबाईलवर एका नटीचा फोटो दाखवला आणि म्हणाली, असा ड्रेस पाहिजे. आपल्याकडंही हे रोजचंच आहे. पोरी फोटो दाखवतात, आपण ‘हो’ म्हणतो, आणि शिवून झाल्यावर तोंड वाकडं. त्या दुकानदारणीनं आधी विचारलं, “यातलं नक्की काय आवडलं? गळा, बाही, का घेर?” सुनेला फक्त गळा हवा होता! मग वहीत हातानं चित्र काढलं, गळ्याची खोली इंचात लिहिली, आणि सुनेची सही घेतली. सही घेतल्याचं मला फार आवडलं.

मी स्वतःसाठी ‘आओ झाय’ शिवला. त्यांचा हा पारंपरिक पोशाख. तिथल्या हायस्कूलच्या मुली गणवेश म्हणून पांढरा घालतात. खाली सुरवारीसारखी पँट, वर पायघोळ अंगरखा. बंद पट्टीचा गळा, कंबरेपासून दोन्ही बाजूंना चीर. बाही खांद्यावर जोडत नाहीत, गळ्यापासून काखेपर्यंत तिरपी जोडतात. रॅग्लन म्हणतो ना आपण, तशी. त्यामुळं खांद्यावर चुण्या पडत नाहीत. पण छातीला आणि कंबरेला तो आपल्या ब्लाऊजासारखा अंगाबरोबर बसतो. इंचाचा फरक लगेच दिसतो, म्हणून ट्रायलशिवाय तो होतच नाही.

आता ट्रायल. माझ्या मते होई आनचं खरं काम इथं आहे. आपण मशीनला खरं काम समजतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर अंगरखा कच्च्या शिलाईवर तयार. कडा दुमडलेल्या नाहीत, बटणं नाहीत, टाचण्या लावलेल्या. घातला. तिनं मला उभं केलं, मग खुर्चीत बसवलं, मग दोन्ही हात वर करायला लावले, मग हात पुढं जोडायला लावले. हात वर केला तर बाही ओढत होती. तिनं खडूनं खूण केली, काखेतला टाका तिथल्या तिथं उसवला, आतली माया थोडी सोडली आणि परत टाचलं. पाच मिनिटांचं काम. हेच पक्की शिलाई, अस्तर, कडा सगळं झाल्यावर करायचं असतं तर तास गेला असता आणि कापडावर जुन्या सुईची भोकं दिसली असती ते वेगळंच. तिसऱ्या दिवशी सकाळी दुसरी ट्रायल. पाठीत जरा सैल होतं, ते टक्समध्ये घेतलं. दुपारी इस्त्री करून हातात.

आपण ट्रायल देत नाही. का नाही, तर गिऱ्हाईकाला दोनदा यायला वेळ नसतो म्हणतो. अहो, पण शिवून झाल्यावर दुरुस्तीला तीच बाई दोनदा येतेच की! समजा अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई आपण ३०० रुपये घेतली. घरी जाऊन तिनं घातलं, मुंढ्यात काचलं, परत आणलं. एक तास उसवायला आणि शिवायला. मग गळा पडतोय म्हणून पुन्हा एक तास. त्या दोन तासांचे पैसे कोण देतं? कुणीच नाही. वर ती बाई सगळ्या आळीत सांगते की हिचं फिटिंग बरोबर नसतं, आणि पुढच्या लग्नाचं ब्लाऊज शहरातल्या बुटीकमध्ये टाकते. तिथं दुप्पट-तिप्पट पैसे देते. तिथं जादा काय मिळतं? मोठा आरसा, तारीख लिहिलेली पावती आणि एक ट्रायल. शिलाई आपल्यापेक्षा सरस असतेच असं नाही. मी उसवून बघितलेली आहेत ती ब्लाऊजं.

तारखेचंही सांगते. मी अंगरख्यासोबत मुलासाठी अस्तराचा कोट टाकायचं म्हणत होते. ती बाई म्हणाली, तुम्ही परवा जाणार, दोन ट्रायल बसत नाहीत, कोट घेणार नाही. चालून आलेलं काम तिनं सोडलं. सगळे असे नसतात. ‘चोवीस तासांत सूट’ अशा पाट्या त्या गावात ठिकठिकाणी आहेत. काही ठिकाणी शेवटच्या दिवशी विमानाच्या आधी तासभर कपडा हातात देतात. मग काही करता येत नाही. म्हणून तुमच्यातली कुणी कधी गेली, किंवा मुलं-सुना गेली, तर गावात पाय ठेवल्याच्या दिवशीच माप द्या, तीन दिवस मोकळे ठेवा, निम्म्याहून जास्त आगाऊ देऊ नका, आणि उरलेले पैसे कपडा अंगात घालून बघितल्यावर द्या. पावतीवर कापडाचा तुकडा टाचून घ्या म्हणजे कापड बदललं असं होत नाही. भाव डोंगमध्ये की डॉलरमध्ये, तेही लिहून घ्या. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग येतात, शून्यं बघूनच माणूस गोंधळतो.

आणि रेशमाचं. तिथं प्रत्येक चमकणारं कापड रेशीम म्हणून दाखवतात. होई आनजवळ मा चाउ नावाचं जुनं विणकरांचं गाव आहे, खरं रेशीमही मिळतं. पण पॉलिस्टर भरपूर. आपल्याला येवल्या-पैठणची सवय, आपण थोड्याच फसतो! कडेचा एक धागा मागून घ्यायचा आणि जाळून बघायचा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटानं चुरली तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. मी काडेपेटी मागितली तेव्हा दुकानदारीण हसली आणि दुसऱ्या कपाटातलं कापड काढलं.

बँकॉकला आणि हाँगकाँगलाही प्रवाशांसाठी असा शिवणकामाचा बाजार आहे. तिथली बरीच दुकानं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या सिंधी-पंजाबी लोकांची आहेत. म्हणजे हिंदुस्थानी माणूस परदेशात जाऊन गोऱ्या साहेबाचे सूट शिवून देतो. आणि आपण गावातल्या गावात गिऱ्हाईक टिकवायला घाबरतो.

आता जरा कडू बोलते. ज्या बाईनं माझं माप घेतलं, तिनं अंगरखा शिवला नाही. होई आनमध्ये बहुतेक ठिकाणी दुकान पुढं असतं आणि शिलाई मागं कुठंतरी, वेगळ्या कारखान्यात नाहीतर घरी बसून शिवणाऱ्या बायकांकडं होते. नगावर पैसे. गिऱ्हाईक आणणाऱ्या हॉटेलवाल्याला, गाडीवाल्याला दलाली जाते. दुकानाचं भाडं जाते. कापणाऱ्याचे वेगळे. शेवटी मशीनवर रात्र काढणारीच्या हातात जे उरतं ते पावतीवरच्या आकड्याच्या मानानं थोडंच. मी शिवण पारखते, मला माझ्या अंगरख्याच्या आतली शिवण बघून कळत होतं की ही बाई हुशार आहे. पण तिचं तोंड मी बघितलं नाही, आणि माझा बिघडलेला खांदा तिनं फक्त फोटोत बघितला.

हे आपल्याला नवीन नाही. परकर, पिशव्या, शाळेचे गणवेश यांचे गठ्ठे ठेकेदार घरी आणून टाकतो आणि नगाला ठरलेले पैसे देतो. आपल्यातल्या कितीतरी जणी तेच करतात. काम मिळतं, नाही म्हणत नाही. पण गिऱ्हाईक ठेकेदाराचं राहतं. माप घेणारी, तारीख देणारी, ट्रायल बघणारी जी असते, भाव तीच ठरवते. म्हणून माझी महासंघापुढं मागणी आहे. गटाचं कर्ज आपण नवनव्या मशीनसाठी घेतो, एकीकडं तीन-तीन मशीन आहेत. त्याऐवजी प्रत्येक प्रभागात एस.टी. स्टँडजवळ एक खोली भाड्यानं घ्यावी. आत पूर्ण उंचीचा आरसा, पडदा लावलेला कोपरा, चांगला उजेड आणि पावतीपुस्तक. शिवण घरी करा, पण गिऱ्हाईक त्या खोलीत यावं, आणि जिनं शिवलं तिनंच ट्रायल बघावी. भाडं पाच-सहा जणींत वाटून घ्यायचं. लग्नसराईच्या आधी हे झालं तर ह्याच हंगामात हिशोब दिसेल. अध्यक्षताई इथं बसल्यात, त्यांनी पुढच्या कार्यकारिणीत विषय घ्यावा.

ते होईपर्यंत एक गोष्ट बिनपैशाची. पुढच्या मासिक बैठकीला शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीनं आपली मापाची वही आणि कच्च्या शिलाईवरचं एक ब्लाऊज घेऊन यायचं. बाजूच्या शिवणीत प्रत्येकी एक इंच माया सोडलेली पाहिजे, हुक लावायचे नाहीत. एकमेकींच्या अंगावर ट्रायल घेऊ, हात वर करून, वाकून, बसून. टाचण्या आणि खडू कार्यालयात आहेत. आरसा माझ्याकडचा आणते, फक्त तो टेम्पोतून उतरवायला दोघी जणी लवकर या.